एक्मोवरील जाग्या रुग्णाची काळजी: आयसीयूतील नव्या सहकाऱ्यांसाठी

औषधांची मात्रा वाढवूनही रक्तदाब सावरेना, लघवी कमी होत गेली आणि रक्तातील लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) चढू लागले, की व्हीए एक्मोचा, म्हणजे शिरेतून रक्त काढून त्यात ऑक्सिजन मिसळून ते पंपाने धमनीत परत सोडणाऱ्या, हृदय-फुप्फुसांना आधार देणाऱ्या यंत्राचा, विचार होतो. अशा वेळी भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालतानाच हृदय थांबण्याचा धोका असतो. म्हणून रुग्ण शुद्धीवर असेल, सांगितलेले त्याला समजत असेल आणि फुप्फुसे बऱ्यापैकी काम करत असतील, तर जांघेत बधिरतेचे इंजेक्शन देऊन जागेपणीच कॅन्युला (रक्तवाहिनीत घालायच्या जाड नळ्या) घालता येतात.

मात्र यंत्र लावण्यापूर्वीच ते कशाच्या भरवशावर काढायचे, हे ठरलेले असावे. हृदय सावरेल, की प्रत्यारोपणासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नाव नोंदवावे लागेल, हे नातेवाइकांशी पहिल्याच दिवशी बोलावे. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या शॉकमध्ये (हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलू न शकल्याने अवयवांना रक्त कमी पडणे) सरसकट लवकर एक्मो लावल्याने 30 दिवसांतील मृत्यू घटले नाहीत, उलट रक्तस्राव आणि पायाच्या रक्तवाहिन्यांचे त्रास वाढले, असे 2023 मधील ईसीएलएस-शॉक चाचणीत दिसले.

खाटेजवळ गेल्यावर मॉनिटरच्या पडद्याआधी नळ्या पाहाव्यात. शिरेतून येणारे रक्त काळपट आणि धमनीत परतणारे लालभडक हवे; हा फरक पुसट होऊ लागला, तर परफ्युजनिस्टला (एक्मो यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला) लगेच बोलवावे. नळी थरथरू लागली, तर पंपाचे फेरे वाढवू नयेत, त्याने थरथर वाढतेच. शरीरातील द्रव कमी पडला आहे का हे पाहावेच, पण जागा रुग्ण नुकता खोकला किंवा कुंथला आहे का, हे आधी विचारावे.

धमनीतील लाइन (रक्तदाब सतत मोजणारी नळी) आणि ऑक्सिमीटर उजव्या हातालाच असावेत. हृदय सावरू लागले आणि फुप्फुसे मात्र बिघडलेली राहिली, तर मेंदूकडे कमी ऑक्सिजनचे रक्त जाते आणि यंत्राचे रक्त मिळणाऱ्या पायाचा ऑक्सिजनचा आकडा तरीही उत्तम दिसतो. पडद्यावरील धमनीच्या दाबाची लाट सपाट झाली, तर महाधमनीची झडप उघडत नसण्याची शक्यता असते. डावी जवनिका (हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा) फुगून फुप्फुसांत पाणी साचण्याआधी इको व्हायला हवा. बलून पंप किंवा इम्पेला या हृदयावरचा ताण हलका करणाऱ्या उपकरणांचा निर्णय त्यावरून घेतला जातो.

कॅन्युला असलेल्या पायाचा रंग, ऊब आणि डॉप्लर (रक्तप्रवाहाची ध्वनिलहरींनी तपासणी) दर तासाला पाहावा. रुग्ण ‘पायाला मुंग्या येताहेत’ म्हणाला, तर डॉप्लरची वाट पाहू नये. पायाची तक्रार त्याला स्वतः सांगता येते, हा त्याला जागे ठेवण्याचा मोठाच फायदा आहे.

त्याच्याशी बोलणे हा कामाचाच भाग समजावा. ‘काका, उजवा पाय जांघेत वाकवायचा नाही, डावा खुशाल हलवा,’ असे कारणासह सांगितले, की बांधून ठेवण्याची वेळ सहसा येत नाही. चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी द्यावे, रात्री दिवे मंद करावेत. गणेशोत्सवात ढोल-ताशाचा आवाज आयसीयूपर्यंत पोहोचतो. तो कशाचा, हे आधीच सांगावे, कारण अर्धवट झोपेत त्याने रुग्ण दचकतो. तो नळ्या ओढू लागला, तर झोपेच्या औषधाआधी वेदना, तुंबलेला कॅथेटर आणि ऑक्सिजन तपासावा.

खाटेशी क्लॅम्प आणि हाताने फिरवायचा क्रँक कायम असावा. पंप थांबला, तर रक्त धमनीतून उलटे वाहू लागते. धमनीकडील नळी क्लॅम्प करून क्रँक जोडावा, मगच क्लॅम्प काढावा.

यंत्र उतरवताना प्रवाह इकोच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी केला जातो. मंद प्रवाहात गुठळ्यांचा धोका वाढत असल्याने हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) परिणाम आधीच तपासलेला असावा. प्रत्येक टप्प्यावर रुग्णाला घरच्यांची नावे सांगायला लावावीत आणि मध्येच दम घ्यावा लागतो का, ते ऐकावे.