मोरपिसात गेलेले चार महिने

‘निसर्गातून प्रेरित पेहराव’ असा डिझाइनच्या थीसिसचा विषय सांगितला की सगळे वाहवा करतात. त्या वाहवेवर विसंबू नका. माझे पहिले चार महिने तिच्यातच गेले.

मी मोरपीस घेतलं होतं. जॅकेटवर निळे-हिरवे डोळे छापायचे, बाह्या पिसांच्या आकारात कापायच्या. कल्पना मांडणारा चित्रांचा बोर्ड देखणा झाला. सिनॉप्सिसच्या, म्हणजे थीसिसचा आराखडा मांडायच्या, वेळी परीक्षकांनी एवढंच विचारलं, “पीस करतं काय?” मी गप्प. नंतर वाचलं, की मोरपिसातला निळा रंगद्रव्याचा नसतोच. मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्या नेमक्या अंतरावर रचलेल्या असतात, त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे तो दिसतो. आणि मी तो शाईने छापत होते.

बहुतेक जण इथेच अडकतात, म्हणून पुन्हा सांगते. नुसतं रूप उचललं तर ती नक्षी झाली. नक्षीत कमीपणा नाही, पण तेवढ्यावर थीसिस उभा राहत नाही. जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांना आकडे दिसले आणि त्यातून वेल्क्रो आलं. वेल्क्रोच्या पट्टीत बोंडाचं रूप शोधून सापडणार नाही, पकड मात्र तीच आहे. म्हणून आधी प्राणी-वनस्पती निवडू नका, माणसाची अडचण निवडा.

मला ती आमच्या गल्लीतल्या यंत्रमागावर सापडली. कोरडं सूत तुटतं म्हणून शेडमधली हवा दमट ठेवतात. सोलापूरचा मे महिना, त्यात ती दमट हवा; घाम वाळतच नाही, बनियन पाठीला चिकटलेलं. घाम आल्यावर अंगापासून सुटणारं कापड करता येईल का, हा माझा प्रश्न ठरला.

पावसाळ्यानंतर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गेले, तर सलवारभर कुसळं. एक तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाकला. पीळ हळूहळू उलगडला, वाळल्यावर पुन्हा बसला. याच हालचालीने कुसळी गवताचं बी मातीत शिरतं. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांना दाखवलं तर ते म्हणाले, “जास्त पिळाचं सूत भिजलं की आखडतंच की गं.” पिंटरेस्टवर मला हे कधीच मिळालं नसतं. एआयकडून सिनॉप्सिस लिहून घेणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे: पहिल्याच तोंडी परीक्षेला उघडे पडाल. आणि प्रत्येक गोष्टीला ‘छान’ म्हणणारा गाइड असेल तर वेळेत दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

विषय बदलावा लागला तर घाबरू नका, मी सहाव्या महिन्यात बदलला. जास्त पिळाच्या सुताचा पहिला नमुना भिजल्यावर आखडला, पण वाळल्यावर पुरता परतला नाही. मला रडू आलं. गाइडनी तो तारीख घालून वहीत चिकटवायला लावला, आणि माझं दुसरं प्रकरण त्या पानापासून सुरू होतं.