दिवस भरले, पण कळा येईनात

प्रसूतिकक्षात काम करताना रोज कोणीतरी विचारतं, ‘कळा यायला काय करू?’ खरं सांगायचं तर कळा हुकमी आणता येत नाहीत. गर्भाशयाचं तोंड मऊ होऊन उघडायला लागलं असेल, तर थोडा हातभार लावता येतो, एवढंच. ते कच्चं असेल तर दिवसभर जिने चढा-उतरा, नुसत्या पोटऱ्या दुखतील.

३९ आठवडे पुरे होण्याआधी काहीही करू नका. आठवडे मोजायचे ते पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीच्या तारखेवरून. आधी सिझर झालंय, जुळं आहे, वार (प्लॅसेंटा) खाली आहे, बाळ आडवं किंवा पायाळू आहे, बाळाची वाढ कमी आहे, बीपी किंवा शुगर वाढलीय, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय नकोतच.

चालणं चांगलं, पण दम लागेपर्यंत नाही. शरीरसंबंधाने कळा सुरू होतात याचा ठोस पुरावा नाही; पाणी गेलं नसेल, रक्त जात नसेल, डॉक्टरांची मनाई नसेल आणि मुळात इच्छा असेल तर हरकत नाही. एरंडेल मात्र घेऊ नका. त्याने आधी आतडी ढवळतात. रात्रभर जुलाब आणि उलट्यांनी गळून गेलेली बाई कळा द्यायला येते तेव्हा जोर लावायला अंगात काही उरलेलं नसतं, आणि आम्हाला आधी सलाईन लावावं लागतं.

आता स्तनाग्रं चोळण्याबद्दल. हे समजावून सांगताना सुरुवातीला मीच अडखळायचे, आणि ऐकणारी लाजून मान खाली घालायची. पण घरी करण्यासारख्या उपायांत थोडाफार पुरावा आहे तो याच्यामागे, तोही गर्भाशयाचं तोंड तयार असेल तेव्हाच. चोळण्याने शरीरात ऑक्सिटोसिन हे कळा आणणारं संप्रेरक स्रवतं. कळांसाठी सलाईनमधून देतात ते औषधही हेच. म्हणून ‘नैसर्गिक आहे, काय होणार?’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सलाईनचे थेंब आम्ही मोजून सोडतो, बाळाचे ठोके ऐकत राहतो. घरी ते कोण करणार?

म्हणून आधी डॉक्टरांना किंवा सुईणीला विचारा, आणि हो म्हटलं तरच करा. एका वेळी एकच बाजू. स्तनाग्र आणि भोवतीचा काळसर भाग बोटांनी हलकेच, बाळ चोखेल तशा लयीत चोळा. काही मिनिटांनी थांबा, पोटावर हात ठेवून वाट पाहा. पोट दगडासारखं घट्ट झालं की चोळणं थांबवायचं; कळ पूर्ण ओसरेपर्यंत पुन्हा चोळायचं नाही. दहा मिनिटांत तीन कळा यायला लागल्या की काम झालं, चोळणं बंद. दोन्ही बाजू एकदम, किंवा पंप लावून तासन् तास, हे सल्ले साफ चुकीचे आहेत. कळांमध्ये उसंत मिळाली नाही तर बाळाला ऑक्सिजन कमी पडतो. पोट सैल होतच नसेल तर चोळणं थांबवा, कुशीवर वळा आणि लगेच दवाखाना गाठा.

४० आठवडे उलटले की डॉक्टरांना बाळाभोवतीच्या पिशवीचा पडदा गर्भाशयापासून सुटा करण्याबद्दल विचारा. तपासताना ते गर्भाशयाच्या तोंडाच्या आत बोट फिरवतात. दुखतं, नंतर थोडं रक्तही दिसतं. ४१ आठवड्यांनंतर घरगुती खटपट पुरे, कळांच्या औषधाबद्दल बोलून घ्या. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं किंवा लाल रक्त जाऊ लागलं, तर तारीख कुठलीही असो, कळांची वाट न पाहता निघा.