पार्टिकल बोर्डात ऑटो हिंजचा स्क्रू नुसता फिरत राहतो: माझा अनुभव

किचन ट्रॉलीच्या कपाटाचं दार खाली लोंबतं, ऑटो हिंजची, म्हणजे दार आपोआप ओढून घेणाऱ्या बिजागरीची, कपाटाला बसवलेली प्लेट हलते, पार्टिकल बोर्डात, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीत, स्क्रू आवळला तरी जागच्या जागी फिरतो. माझ्याकडे येणाऱ्या किरकोळ कामांत ही तक्रार नेहमीची.

भोकात आगकाडी आणि फेव्हिकॉल भरून पाहिलं, ते थोडे दिवस टिकलं. लांब स्क्रू १८ मिमीच्या बोर्डातून पलीकडे डोकावतो. इपॉक्सी पुट्टीचा गोळाच भुशासकट बाहेर आला. वैताग आला होता खरा.

शेवटी टिकलं ते असं. दार उतरवा, प्लेट काढा. ८ मिमी बिटला टोकापासून १३ मिमीवर टेप गुंडाळा आणि जुनी भोकं तेवढीच खोल मोठी करा. भुसा पूर्ण झटका. तो राहिला तर गोंद बोर्डाला धरतच नाही. भोकाच्या भिंतींना आतून फेव्हिकॉल लावा, ८ मिमीची लाकडी डॉवेल (गोल खुंटी) हलक्या हाताने ठोका. रात्रभर हात लावू नका. गिऱ्हाईक घाई करतंच, म्हणून मी आधीच दोन फेऱ्यांचे पैसे सांगतो.

दुसऱ्या दिवशी डॉवेल हॅक्सॉ ब्लेडने बोर्डालगत कापा, मधोमध २.५ मिमीचं भोक पाडा, मग प्लेट लावून ३.५ × १६ मिमीचा स्क्रू हातानेच आवळा, ड्रिलने नाही. एकट्याने दार चढवताना खाली फळीचे तुकडे रचून ते उंचीला आणा, आधी वरचा हिंज बसवा. फट सारखी करायला हिंजवरच्या दोन स्क्रूंपैकी दाराजवळचा स्क्रू फिरवायचा, मागचा नव्हे.