आई-बाळाच्या मशीनवर काम करायचंय? आधी एनआयसीयूत उभं राहा

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे, नवजात बाळांच्या उपकरणांवर काम करते, आणि या फिल्डमध्ये यायचं म्हणणारी मुलं मला हमखास विचारतात की ताई काय शिकू, एआय की सेन्सर्स. मी म्हणते ते पुढचं, आधी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आठवडाभर उभं राहायची परवानगी मिळते का बघा.

माझ्या पहिल्या प्रोजेक्टला आम्ही बाळाच्या ऑक्सिजनचा मॉनिटर बनवला होता, लॅबमध्ये झकास चालायचा. वॉर्डात नेला तर आकडा सारखा उड्या मारायला लागला नि अलार्म काही थांबेना. बाळ अपुऱ्या दिवसांचं, काविळीसाठी निळ्या लाइटखाली ठेवलेलं, प्रोब, म्हणजे मॉनिटरचा सेन्सर, पावलाला गुंडाळलेला, पाऊल जेमतेम माझ्या अंगठ्याएवढं आणि ते सारखं झाडत होतं. सिस्टर आल्या, प्रोब नीट बसवला, वर घडी केलेलं कापड टाकलं, दोन बोटांनी पाऊल हलकेच धरलं आणि आकडा स्थिर झाला. आमचा मॉनिटर म्हणजे पल्स ऑक्सिमीटरच, तो लाल नि इन्फ्रारेड प्रकाश पावलातून आरपार पाठवून मोजतो, बाहेरचा उजेड आत शिरला किंवा पाय हलला की तो गडबडतो, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं, पण डिझाइन करताना ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दुसरं म्हणजे शरीरशास्त्र शिका, अगदी मनापासून. जन्मानंतर पहिल्या मिनिटाला निरोगी बाळाचंही ऑक्सिजन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ६०-६५ टक्क्यांच्या आसपासच असतं, ८५-९५ पर्यंत यायला दहाएक मिनिटं लागतात. हे माहीत नसलेला माणूस अलार्म ९० वर लावून मोकळा होतो, मग लेबर रूममध्ये ठणठणीत बाळासाठीसुद्धा मशीन ओरडत बसतं. आणि काळ्यासावळ्या त्वचेवर हेच मशीन कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून टेस्टिंगला सगळ्या रंगांची बाळं असायलाच हवीत, यात तडजोड नको.

नवीन टेक्नॉलॉजी म्हटलं की सगळ्यांना २०१७ सालची ती कृत्रिम गर्भाशयाची पिशवी आठवते, फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी कोकराचे गर्भ चार आठवड्यांपर्यंत जगवले होते ती. काम मोठंच आहे, वाचाच. पण मला विचाराल तर त्याच्या आधी बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावरची ई-मोटिव्ह ट्रायल वाचा, २०२३ ची. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका नि टांझानियातली ८० हॉस्पिटलं, दोन लाखांवर बाळंतिणी, आणि मुख्य वस्तू काय तर खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी, बाळंतपणानंतरचं रक्त तिच्यात जमतं नि किती गेलं ते समोर दिसतं, कारण नुसत्या नजरेने अंदाज केला की तो कमीच निघतो. रक्त जास्त गेलेलं दिसलं की गर्भाशय चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी हे एकामागून एक न करता सगळं एकदम सुरू करायचं. गंभीर रक्तस्राव, त्यापायी ऑपरेशन किंवा मृत्यू हे सगळं धरून प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आलं. मी तो पेपर वाचून बराच वेळ गप्प बसले होते. बाळाला श्वासासाठी मदत करणारं बबल सीपॅपही तसंच साधं, नळीचं टोक पाण्यात पाच सेंटीमीटर बुडवलं की तेवढंच प्रेशर बाळाच्या फुप्फुसांना मिळतं, पण नळी किती बुडालीय हे दर पाळीला कुणीतरी वाकून बघावं लागतं.

स्टँडर्ड्स कंटाळवाणी वाटतात पण आयएसओ १४९७१ म्हणजे रिस्क मॅनेजमेंटचं तेवढं पहिल्या सहा महिन्यांत वाचून काढा, इंटरव्ह्यूतही कामी येतं. एथिक्स कमिटीचा, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समितीचा, फॉर्म स्वतः भरा, दुसऱ्यावर ढकलू नका, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची संमती कधी नि कशी घ्यायची हा प्रश्न तिथेच पहिल्यांदा समोर येतो.

आणि एनआयसीयूची परवानगी मागाल तेव्हा रात्रपाळीची मागा. दिवसा सगळे हाताशी असतात, रात्री एका सिस्टरकडे किती बाळं असतात ते मोजा, आणि अलार्म वाजल्यापासून ती पोचेपर्यंत किती सेकंद गेले ते वहीत लिहून ठेवा, तुमच्या मशीनला तेवढ्या वेळात एकट्यालाच निभावून न्यायचंय.