पिनबॉल मशीन भाड्याने देताय? या चुका टाळा

पिनबॉल मशीन भाड्याने द्यायचा विचार करणाऱ्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: महिन्याला किती सुटतात? मशीन किती व्होल्टचं आहे, ठेवणार तिथे अर्थिंग आहे का, जिना केवढा आहे, हे आधी विचारणारा मला अजून भेटायचाय. माझी मशीनं पुण्यात बाणेर, खराडी, हिंजवडीतल्या ऑफिसांत आणि कोथरूड-औंधातल्या घरांत फिरतात. त्याशिवाय दुसऱ्यांची बिघडलेली मशीनंही माझ्याकडे येतात. प्लेफील्ड, म्हणजे बॉल फिरतो ती फळी, उचलून बघितलं की आत त्याच त्या चुका दिसतात. आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून लिहितोय.

फ्यूजला तार गुंडाळू नका, कुणाला गुंडाळू देऊ नका

सगळ्यात आधी हे, कारण यात मशीन जळतं. काचेतून आपल्याला दिवे, रबर आणि रॅम्प दिसतात. खरा कारभार प्लेफील्डच्या खालच्या अंगाला असतो. तिथे ओळीने कॉइल, म्हणजे वीज मिळाली की आतला दांडा (प्लंजर) ओढणारी तारेची गुंडाळी, बसवलेल्या असतात. बॉल वर ढकलणारी वेगळी, बंपरची वेगळी, बॉल परत मारणाऱ्या फ्लिपरची वेगळी. यातल्या बहुतेक कॉइलना क्षणभरच वीज मिळावी अशी रचना असते. वीज सोडणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर कॉइल ओढलेलीच राहते आणि तापत जाते. तेव्हा तिला वाचवणारा एकच, फ्यूज.

बाणेरच्या एका ऑफिसात माझं नव्वदच्या दशकातलं एक मशीन होतं. एका शुक्रवारी दुपारी बॉल शूटर लेनमध्ये, म्हणजे जिथून तो खेळात सोडतात त्या पट्टीत, यायचाच बंद झाला. संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे येणार होते. ॲडमिनच्या मॅडमनी मला फोन करण्याऐवजी इमारतीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मशीनची किल्ली त्यांच्याकडे मीच ठेवली होती, ती चूक माझी. त्या माणसाने उडालेला फ्यूज बरोबर शोधला. पण अमेरिकी मशीनमधला फ्यूज सव्वा इंच लांब असतो. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो तो २० मिलिमीटरचा, आणि तो त्या क्लिपांत बसत नाही. मग त्याने घरोघरी करतात तेच केलं, जळक्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळली.

मशीन चालू झालं. एका फ्यूजवर अनेक कॉइल असतात, त्यातली एकच अडकली होती. बाकीच्या नीट चालत होत्या, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. पोरं खेळत राहिली. थोड्या वेळाने काचेखालून धूर आला. सुदैवाने कुणीतरी प्लग ओढला. मी पोहोचलो तेव्हा कॉइलचं प्लास्टिक वितळून प्लंजर आत चिकटला होता, शेजारच्या वायरांचं आवरण करपलं होतं आणि ड्रायव्हर बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उचलला गेला होता. सुटे भाग अमेरिकेतून मागवले. ते येऊन, कस्टममधून सुटून, बोर्ड दुरुस्त होईपर्यंत सात आठवडे गेले. तेवढ्या दिवसांचं भाडं बुडालंच. पण ऑफिस भरलेलं असताना ते मशीन पेटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून मी बरेच दिवस नीट झोपलो नव्हतो.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. किल्ली माझ्याकडेच. तापकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांतून लांब स्लो-ब्लो (क्षणभराचा झटका सोसणारे) फ्यूज एकदम पन्नास-साठ आणून ठेवतो. प्रत्येक मशीनमध्ये, नाणं टाकायच्या दाराच्या (कॉइन डोअरच्या) आत, कुठल्या जागी किती अँपिअरचा फ्यूज लागतो याचा कागद आणि तेवढेच जादा फ्यूज एका पिशवीत असतात. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा दुसरा मी एकदाच टाकतो. तोही उडाला तर मशीन बंद, प्लग बाहेर, आणि मल्टिमीटर घेऊन कॉइल व ट्रान्झिस्टर तपासायला बसायचं. "थोडा मोठा टाकला तर चालेल का?" असं विचारणारे नवशिके हमखास भेटतात. नाही चालणार. त्या एका उत्तरावर मी कधीच ऐकून घेत नाही.

व्होल्टेज आणि अर्थिंग

बाहेरून आणलेलं मशीन बऱ्याचदा ११५ व्होल्टवर बांधलेलं असतं. विल्यम्स, बॅली या अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या कनेक्टरवरचे जंपर (जोडतारा) बदलले की ते २३० वर चालतं, पण त्याबरोबर मेन फ्यूजही मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याचा घालावा लागतो. हे न करता बाजारातला स्वस्त स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून मशीन देणारे आहेत. ऑफिसात चारजण लागोपाठ खेळायला लागले की तो तापतो. जंपर बदला, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पेठांतल्या जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण वरच्या मोठ्या, अर्थच्या पिनला मागे काहीच जोडलेलं नसतं. मी भाडं ठरवण्याआधी मल्टिमीटर लावतो. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत. आले नाहीत, तर आधी अर्थिंग करून घ्या, मग मशीन आणतो, असं स्पष्ट सांगतो. पिनबॉलच्या लोखंडी रेलवर लहान मुलांचे हात सतत असतात.

बोर्डावरच्या बॅटऱ्या

नव्वदच्या दशकातल्या विल्यम्स मशीनच्या सीपीयू बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात, सेटिंग आणि स्कोअर लक्षात ठेवायला. ते फुटून पाझरले की त्यातला क्षार खाली उतरतो, सॉकेट आणि ट्रॅक खातो. पुण्यात एप्रिल-मेची उष्णता आणि लगेच जूनचा दमटपणा, म्हणजे सेलची पुरती परीक्षा. मशीन विकत घेताना मी आधी मागची काच काढून हा बोर्ड बघतो. हिरवट-पांढरी पूड दिसली की तिथेच भाव पाडतो, नाहीतर निघून येतो. घरी आणल्यावर पहिलं काम सेल काढून एनव्हीरॅम चिप, म्हणजे सेलशिवाय सगळं लक्षात ठेवणारी चिप, बसवणं. सोल्डरिंग येत नसेल तर निदान बॅटरी होल्डर वायरने बोर्डापासून लांब, खाली ठेवा.

जागा न बघता हो म्हणणं

साधारण ११० ते १२० किलोचं धूड आहे हे. फोनवर "तिसरा मजला आहे, पण जिना मोठा आहे" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पाय काढून, डोकं (स्कोअर दाखवणारा मागचा खोका) खाली दुमडून, पट्टा बांधून मशीन मागच्या बाजूवर उभं केलं की ते साधारण दीड मीटरच्या आत उंच होतं आणि बऱ्याच साध्या लिफ्टमध्ये मावतं. वळणाच्या अरुंद जिन्यात मात्र नाही.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने सदाशिव पेठेतलं त्याचं पहिलंच भाडं असं न बघता ठरवलं. छोटा हत्ती दारात उभा, चार हमाल, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मशीन अडकलं. परत खाली उतरवून, उभं करून टेम्पोत ठेवलं. घाईत आतले बॉल काढायचे राहिले होते. पिनबॉलचा बॉल २७ मिलिमीटरचा भरीव पोलादी, वजन ८० ग्रॅम. दुकानापर्यंत येताना प्रत्येक खड्ड्यात ते आत आदळत होते. तीन प्लास्टिकं फुटली, एका रॅम्पला तडा गेला. त्या मशीनची ती प्लास्टिकं आता मिळत नाहीत. पोरगं रडवेलं झालं होतं आणि मला त्याला रागवावंसंही वाटलं नाही. आता तो टेप घेऊन आधी जिना मोजतो, आणि बॉल खिशात घालूनच मशीन हलवतो. माझाही नियम तोच: बॉल मोजून काढायचे, मोजून घालायचे.

बारीकसारीक

उतार साडेसहा अंशांचा ठेवा. कमी ठेवलात तर बॉल रेंगाळतो आणि लोकांना खेळ मंद वाटतो. आडवी पातळी स्पिरिट लेव्हल प्लेफील्डवर ठेवून बघा, काचेवर नाही.

बेअरिंगच्या दुकानातून १ १/१६ इंचाचे बॉल आणणार असाल तर जपून. चुंबकत्व धरणारे असतील तर एकमेकांना चिकटतात, बॉल साठतात त्या ट्रफमधून सुटत नाहीत, आणि मशीन बॉल शोधत बसतं. मी ऑफिसातले बॉल सहा महिन्यांनी बदलतो. खरवडलेला बॉल प्लेफील्डला पॉलिश पेपरसारखा घासतो.

डब्ल्यूडी-४० फ्लिपरमध्ये मारू नका. त्यावर धूळ बसून चिखल होतो. ते भाग कोरडेच चालायचे असतात.

फ्लॅटमध्ये पायांखाली रबरी वाट्या ठेवा आणि नॉकर, म्हणजे फुकट डाव मिळाला की ठक्क वाजणारी कॉइल, बंद करा. खालच्या मजल्यावरचे काका-काकू दुपारी एक ते चार झोपतात. सोसायटीत तक्रार गेली की मशीन परत येतं.

घरात तीन-चार महिन्यांत मन भरतं. तेव्हा मशीन परत न्यायला येतो असं सांगू नका, बदलून देतो म्हणा. माझ्याकडे तीन वर्षं टिकलेली घरं अशीच टिकली आहेत.

पैशांचं

ऑफिसांशी तोंडी व्यवहार करू नका. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करा. तीन महिन्यांचं डिपॉझिट घ्या आणि उघडायचा अधिकार फक्त तुमचा, हे कलम त्यात घाला. यंत्राच्या भाड्यावर कंपन्या २ टक्के टीडीएस कापतात, तो आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो का हे बघत जा. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. त्यामुळे ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क सांगता येतो. हिंजवडीतल्या एका ऑफिसने माझं बिल पाच महिने लोंबकळत ठेवलं होतं, तेव्हा माझ्याकडे ही नोंदणी नव्हती.

दर भेटीत मी मशीनच्या ऑडिट मेनूमधला एकूण डावांचा आकडा वहीत लिहितो. ऑफिसातलं मशीन घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त झिजतं हे त्या वहीनेच मला शिकवलं. आता ऑफिसचं भाडं मी त्या आकड्यावर ठरवतो. नवीन माणूस भेटला की त्याच्यापुढे आधी तीच वही उघडतो, मग महिन्याला किती सुटतात ते सांगतो.