अंगणातलं माशांचं तळं थंडीसाठी कसं तयार करावं

नाशिककडच्या थंडीत अंगणातल्या तळ्यावर बर्फ धरत नाही. शेजारच्या निफाडला पारा ५ अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हाही नाही. त्यामुळे तळ्याची तयारी करायची असते, हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. इथला त्रास वेगळा आहे. पहाटे पाणी गारठतं, दुपारी उन्हाने कोमट होतं, मासे सवयीने वर येऊन तोंडं उघडतात आणि आपण मूठभर खाद्य टाकतो. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार झालं की त्याचं पचनही मंदावतं. पहिल्या जानेवारीत माझा एक गोल्डफिश पोट फुगून एका अंगावर कलला होता, कल्ले जेमतेम हलत होते. आदल्या संध्याकाळी मीच त्याला पोटभर घातलं होतं. तेव्हापासून खाद्याच्या डब्याला थर्मामीटर दोरीने बांधून ठेवलाय.

कामाला दिवाळी झाली की लागायचं, पाणी अजून २० अंशांच्या वर असताना. थंडी पडल्यावर गाळ उपसला, तर आधीच मंदावलेल्या माशांना ती धावपळ सोसत नाही.

आधी तळ्यात किती पाणी आहे ते काढून ठेवा. लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून गुणाकार करा, त्याला २८ ने गुणा, लिटर मिळतात. ६ फूट लांब, ४ फूट रुंद, अडीच फूट खोल तळ्यात साधारण १,७०० लिटर पाणी मावतं. औषध असो वा मीठ, सगळा हिशेब यावरच चालतो.

मग गाळ. बदामाचं झाड जवळ असेल तर डिसेंबरपासून त्याची लाल पानं पडायला लागतात. दोन-चार पानांनी बिघडत नाही, पण थर साचून तळाशी कुजला की पाण्यातला प्राणवायू तोच खातो. गाळ काठीने ढवळल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो काढायलाच हवा. बारीक जाळीने हळूहळू काढा आणि वरून जाळी ताणून बांधा. पानं अडतात, शिवाय गारठून सुस्त झालेल्या माशांवर टपलेले खंड्या आणि ढोकरीही लांब राहतात.

पाणी सगळं बदलू नका, पाव हिस्सा पुरे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते पिंपात भरून दिवसभर उन्हात उघडं ठेवा आणि दुपारी घाला. असं पाणी फारसं गारही राहत नाही. तरी नळाच्या पाण्यासाठी मिळणारं क्लोरीन काढायचं औषध टाकणं जास्त खात्रीचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, तळ्याच्याच पाण्यात पिळा. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात असतात, आणि थंडीत त्यांची वाढ आधीच रोडावलेली असते.

कमळाची पानं वाळली म्हणून वेल मेला असं समजून उपटू नका, खालचे कंद जिवंत असतात. पिवळी पानं कापा. जलपर्णी मात्र निम्म्याहून जास्त काढून टाका.

गप्पी आणि मॉली उष्ण पाण्यातले मासे आहेत. पहाटेचं पाणी १८ अंशांखाली जायला लागलं की त्यांना घरात टबात आणा. गोल्डफिश आणि कोई थंडी सोसतात, फक्त खोली किमान अडीच-तीन फूट हवी. रात्री वरचं पाणी आधी गार होतं, मासे तळाशी जाऊन बसतात. म्हणून पंप तळावरून उचलून विटेवर ठेवा, खालचं पाणी ढवळू नये. कारंजं रात्री बंद करा, ते पाणी थंड हवेत उडवून आणखी गार करतं. हवेचा छोटा पंप मात्र चालू राहू द्या.

आता खाद्य. पहाटेचा आकडा २० च्या वर असेल तर नेहमीसारखं. १५ ते २० मध्ये दिवसातून एकदा, दुपारी, दोन मिनिटांत संपेल एवढंच. १० ते १५ मध्ये दोन-तीन दिवसांतून एकदा, गव्हांकुराचं हलकं खाद्य. १० च्या खाली काहीच नाही. दुपारचं पाणी कोमट दिसतं म्हणून फसू नका, खाल्लेलं पचायचं असतं ते रात्रीच्या गारठ्यात. तरण्याताठ्या, धडधाकट माशाला काही दिवस उपास सहज सोसतो.

अंगावर रव्यासारखे पांढरे कण दिसले, किंवा मासा दगडाला अंग घासू लागला, तर त्याला वेगळ्या टबात घ्या. लिटरला २ ग्रॅम जाडं मीठ आधी विरघळवून, दिवसभरात थोडं थोडं करून घाला. तळ्यात मीठ टाकलं तर कमळाला बाधतं.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्यांसाठी एवढंच: बर्फ हातोडीने फोडू नका, त्या दणक्याने मासे दगावतात. गरम पाण्याचं भांडं बर्फावर टेकवून भोक पाडा, आतला वायू बाहेर पडायला तेवढं लागतंच.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते म्हणतात, पण खाद्य वाढवायला तिथीवर जाऊ नका. पहाटेचा आकडा सलग आठवडाभर १८ च्या वर राहिला, की चिमूटभरापासून सुरुवात करा.