पूर येतोय म्हटल्यावर घरात काय करायचं, आणि ओसरल्यावर काय

सांगलीत 2019 ला बरीच लोकं एकाच हिशोबावर घरात बसून राहिली, "2005 ला आपल्या पायरीपर्यंतच आलेलं, त्याच्या वर काय येत नाही". आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. म्हणून जुनी खूण बघू नका, आकडा बघा. आयर्विनला 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, कोल्हापूरकरांनी राजाराम बंधाऱ्याचे 39 आणि 43 लक्षात ठेवायचे. कोयना धरणातनं विसर्ग वाढवला तरी पाणी इथं यायला वेळ लागतो, सामान हलवायचं ते तेवढ्या वेळातच, आणि म्हातारी माणसं, पोरं, जनावरं पहिली काढायची, टीव्ही नंतर.

रेशनकार्ड, आधार, सातबारा, पासबुक सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि मोबाईलमधे फोटो पण काढून ठेवा, बीपी-शुगरच्या गोळ्या, टॉर्च, पॉवर बँक त्याच बॅगेत. सिलेंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि खिडकीच्या गजाला बांधा, कारण तो तरंगतो. संडासाच्या भांड्यात वाळूचं पोतं दाबून ठेवा, घाण पाणी आधी तिथनंच वर येतं, हे कुणी सांगत नाही. निघताना मेन स्विच बंद, पण पाण्यात उभं राहून हात लावायचा नाही, मग राहू दे तसंच. अडकलात तर 112, जिल्हा कंट्रोल रूम 1077.

पाणी उतरलं की लगेच झाडू घेऊन पळू नका. दिवसा जा, गमबूट घाला, हातात काठी ठेवा, कपाटामागं साप बसलेला असतोच. आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, पंचनाम्याला लागतो. मग गाळ, तो ओला असतानाच ढकलायचा, वाळला की खोऱ्याला पण दाद देत नाही. वायरमनला दाखवल्याशिवाय लाईट चालू करू नका, फ्रीज आणि मोटर तर अजिबात नाही.

प्यायचं पाणी उकळून घ्या, नाहीतर बाटलीवर लिहिलंय तेवढं मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) टाका. भिजलेलं पीठ, धान्य टाकून द्या. गाळात काम करून नंतर ताप आला, अंग दुखायला लागलं तर लेप्टो (उंदराच्या लघवीनं घाण झालेल्या पाण्यातनं होणारा आजार) असू शकतो, अंगावर काढू नका, डॉक्टरला पुराच्या पाण्यात होतो हे आवर्जून सांगा. पायाला जखम असेल तर गाळात उतरूच नका.

गाद्या फेकायच्या. आम्ही एक वाळवून ठेवली होती, दिवाळीपर्यंत वास मारत होती.